वर्षातून एकदाच का?

परसात हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वेल एवढा बहरतो, तर फुले सुकवून वर्षभर बिअर का करत नाही, असे घरी येणारे बहुतेक सगळे विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही अमेरिकेत ओरेगनमध्ये राहतो. काथ्याच्या दोरीवर चढवलेला आमचा वेल कॅस्केड जातीचा आहे. ही जात याच राज्यातल्या कॉर्व्हॅलिसला तयार झाली आणि १९७२ मध्ये लागवडीसाठी खुली झाली. बिअरला लागते ते मादी वेलाचे फूल, बोटाच्या पेराएवढे, हिरव्या खवल्यांचे. ते उभे चिरले की खवल्यांच्या तळाशी हळदीसारखी पिवळी पूड दिसते, आणि कडवटपणा काय, सुगंध काय, दोन्ही तिच्यातच असतात. ऑगस्टच्या अखेरीस मी रोज संध्याकाळी एखादे फूल दाबून पाहतो. ते कागदासारखे कुरकुरले आणि चिकट झालेल्या बोटांना पपनसाच्या सालीचा वास आला, की दुसऱ्याच दिवशी तोडणी.

ताज्या फुलात सुमारे ८० टक्के पाणी असते. सुकवून ते १० टक्क्यांच्या आसपास आणले की फूल टिकते, पण त्या उष्णतेत सर्वांत हलकी सुगंधी तेले बरीचशी उडून जातात. नुकताच तोडलेला आणि डब्यात वाळलेला असा दोन्ही कढीपत्ता ज्याने फोडणीत घातला आहे, त्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. ताजे फूल मात्र दिवसभरही थांबत नाही. एका वर्षी मी तोडलेली फुले पिशवीचे तोंड बांधून रात्रभर ठेवली. सकाळी हात घातला तर आत चक्क गरम लागले आणि कुजक्या गवताचा वास आला. सगळी खतात टाकावी लागली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून उजाडताच तोडायला लागतो (वेल खरखरीत असल्याने लांब बाह्यांचा सदरा घालून) आणि दुपारी पातेले चढवतो. कडवटपणासाठी विकतचे सुके हॉप्सच घालतो, कारण त्यांच्या पाकिटावर कडवटपणा देणाऱ्या आम्लाचे प्रमाण छापलेले असते आणि घरच्या फुलांचे मला मोजता येत नाही. घरची फुले, वीस लिटरला सहाशे ग्रॅम, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सोडतो.

आंबून, बाटल्यांत भरून बिअर प्यायला तयार व्हायला महिनाभर लागतो, आणि हा वास बाटलीतही फार दिवस राहत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत आम्ही ती संपवतो. येणार असाल तर ऑक्टोबरमध्ये या.