आयटिन, डब्ल्यू-७ आणि माझी सही

फेब्रुवारी उजाडला की एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या नवऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नुकत्याच अमेरिकेत आलेल्या मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात. "मला सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही म्हणे, मग आमच्या टॅक्सचं काय?" बहुतेक घरांत याचं उत्तर नवरा शोधतो, टॅक्सवाल्याशी तोच बोलतो, रिटर्न तयार होतो आणि बायको खूण केलेल्या जागी सही करून मोकळी होते. मला त्या सहीबद्दल लिहायचंय.

जॉइंट, म्हणजे नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नवर सही केली की त्यातल्या प्रत्येक आकड्याला दोघंही जबाबदार असतात. उद्या काही बाकी निघाली तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, ती सगळीच्या सगळी दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते, पगार एकाचाच असला तरी. घटस्फोट झाला तरी त्या वर्षाची जबाबदारी सुटत नाही. आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं सांगून सूट मागता येते, पण ती मागायला वेगळा अर्ज, वेगळे पुरावे, आणि ती मिळेलच असं नाही. त्यापेक्षा आधीच वाचलेलं बरं.

मी पुण्यात सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. दुसऱ्यांची कागदपत्रं तपासणं हेच माझं काम. पॅन होतं, माझा रिटर्न मी स्वतः भरायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये इथे आले आणि पुढच्या मार्चमध्ये आमच्या टॅक्सवाल्याने फोनवर नवऱ्याला सांगितलं, "मॅडमना काही विचारायची गरज नाही, त्यांचा फक्त पासपोर्ट पाठवा." मी शेजारीच बसले होते. संपूर्ण ड्राफ्ट मला पाठवायला सांगितला.

आधी नंबराचं. एच-४ वर काम करायची परवानगी नसेल तर एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, मिळत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत गेलं असेल तर काही एच-४ जोडीदारांना २०१५ पासून वर्क परमिट मिळतं, आणि मग एसएसएनही. बाकीच्यांसाठी आयटिन, म्हणजे इंडिव्हिज्युअल टॅक्सपेअर आयडेंटिफिकेशन नंबर. हा नऊ अंकी नंबर ९ ने सुरू होतो, आयआरएस तो १९९६ पासून देते आहे, आणि तो फक्त टॅक्सपुरता असतो. त्याने नोकरी करता येत नाही, व्हिसाच्या स्टेटसवर काही परिणाम होत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर फरक मोठा आहे. लग्न झालेल्याला "सिंगल" म्हणून रिटर्न भरता येत नाही. जॉइंट नाही तर मॅरीड फायलिंग सेपरेट, म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा, आणि सेपरेट भरला तर बायकोच्या नंबराच्या जागी एनआरए (नॉनरेसिडेंट एलियन) लिहून काम भागतं. म्हणून घाईत असलेले लोक तो रस्ता धरतात. २०२४ चे आकडे घ्या. एकट्याचा पगार ९५,००० डॉलर असेल तर सेपरेटमध्ये स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० आणि फेडरल टॅक्स साधारण १२,७०० डॉलर. जॉइंटमध्ये डिडक्शन २९,२०० आणि टॅक्स साधारण ७,४००. पाच हजारांहून जास्त डॉलर केवळ एका फॉर्मच्या कंटाळ्यापायी जातात.

पण जॉइंटला एक अट आहे आणि तीच बायकांना कुणी समजावून सांगत नाही. मी वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत आले, त्यामुळे इथे राहिलेल्या दिवसांच्या हिशेबाने त्या वर्षी टॅक्ससाठी मी नॉनरेसिडेंटच. अशा जोडीदाराला वर्षभर रेसिडेंट धरा, असं दोघांनी लेखी कळवावं लागतं. कलम ६०१३(जी) खालचं हे निवेदन रिटर्नला जोडायचं, त्यावर दोघांच्या सह्या. एकदा ते दिलं की माझं जगभरातलं, त्या संपूर्ण वर्षाचं उत्पन्न अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतं. म्हणजे जानेवारी ते ऑगस्ट पुण्यात मिळवलेला पगारही.

टॅक्सवाल्याच्या ड्राफ्टमध्ये माझं उत्पन्न शून्य होतं. त्याने विचारलंच नव्हतं, आणि नवऱ्याला माझ्या सगळ्या खात्यांची माहिती असायचं कारण नाही. सही माझी, खाती माझी, तर हिशेबही मीच काढला. इथलं वर्ष जानेवारीला सुरू होतं, आपलं एप्रिलला. त्यामुळे एक फॉर्म १६ पुरत नाही. जानेवारी ते मार्चचा पगार आधीच्या आर्थिक वर्षात, एप्रिलपासूनचा पुढच्या. मी सरळ पगाराच्या स्लिपा काढल्या, महिन्याची एक ओळ अशी वही आखली, शेजारच्या रकान्यात टीडीएस लिहिला. त्याखाली एफडीचं व्याज, बचत खात्याचं व्याज आणि पीपीएफचं व्याज. पीपीएफ आपल्याकडे करमुक्त म्हणून लोक ते सोडून देतात, पण इथल्या कायद्याला त्या सवलतीशी देणंघेणं नाही. रुपयांचे डॉलर करायला आयआरएस दर वर्षाचा सरासरी दर देते, तो लावला. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळतं, त्यामुळे त्याच पगारावर दुप्पट भुर्दंड पडत नाही. हे सगळं धरूनही जॉइंट आम्हाला बराच स्वस्त पडला.

आता डब्ल्यू-७, म्हणजे आयटिनचा अर्ज. एक पानाचा फॉर्म आहे, पण तिथेच अर्ज अडकतात. अर्जाचं कारण निवडायला अ‍ॅल्फाबेटच्या खुणा असतात. टॅक्सवाल्याने "जी" भरलं होतं, कारण त्यात व्हिसा हा शब्द आहे. नीट वाचलं तर "जी" नॉनरेसिडेंटच्या जोडीदारासाठी आहे. माझा नवरा बरीच वर्षं इथे आहे, टॅक्ससाठी तो रेसिडेंट, म्हणून माझं कारण "ई", रेसिडेंटचा जोडीदार. "डी" डिपेंडंटसाठी आहे आणि तेही आपल्याला लागू नाही. व्हिसावर मी डिपेंडंट असेन, टॅक्सच्या कायद्यात बायको कधीच डिपेंडंट धरली जात नाही. रिटर्नवर ती बरोबरीची करदाती असते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि कुणी चुकीच्या रकान्यात खूण केली तर ती खोडून घ्यायला संकोच करू नका.

दुसरी अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या ओळीत स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र छापलेलं असतं. डब्ल्यू-७ वर पहिलं, मधलं, आडनाव असे तीन रकाने. पासपोर्टमध्ये आहे तसंच उतरवा, आणि १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या फॉर्मवर, अक्षरन् अक्षर तेच ठेवा. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, ड्राफ्टमध्ये मात्र नवऱ्याचं आलं होतं. बदललं असेल तर जन्मनावासाठी खाली वेगळी ओळ आहे.

पासपोर्ट पोस्टाने पाठवू नका, असं मी प्रत्येकीला सांगते. फॉर्मबरोबर मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित केलेली प्रत लागते. नोटरीची प्रत २०१२ पासून चालत नाही. मूळ पाठवला तर तो परत यायला कित्येक आठवडे जातात, आणि आपला व्हिसा त्याच पासपोर्टात असतो. भारतात कुणाची तब्येत बिघडली आणि निघावं लागलं तर? त्यासाठी दोन वाटा आहेत. आयआरएसच्या ठरावीक टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरमध्ये अपॉइंटमेंट घेऊन जायचं, ते पासपोर्ट पाहून लगेच परत देतात. नाहीतर आयआरएसने मान्यता दिलेला सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट गाठायचा, तो फी घेतो. आम्ही पहिली वाट धरली. खिडकीमागच्या बाईंनी माझा पासपोर्ट उलटून पाहिला, फोटो माझ्याशी ताडून पाहिला आणि सहीकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुम्हीच केली ना?" मी हो म्हटलं. पासपोर्ट घेऊन घरी आले.

पहिल्या वर्षी रिटर्न कागदावरच जातो. माझ्या नंबराची जागा रिकामी ठेवून, वर डब्ल्यू-७ लावून, सगळा गठ्ठा टेक्ससमधल्या ऑस्टिनला, आयटिनच्या विभागाकडे. नेहमीच्या पत्त्यावर नाही. नंबर यायला साधारण ७ आठवडे, सीझनमध्ये ९ ते ११, आणि रिफंड त्यानंतर. टॅक्स भरायचा निघत असेल तर मात्र तो १५ एप्रिललाच भरा. मुदतवाढ फॉर्मला मिळते, पैशांना नाही.

एक जुनी गोष्ट नव्याने आलेल्यांना माहीत नसते. कोरोनाच्या काळात मार्च २०२० च्या मदत कायद्यात प्रौढ माणशी १,२०० डॉलरपर्यंत मिळत होते, पण जॉइंट रिटर्नमध्ये एकाकडे एसएसएन नसेल तर दोघांनाही काही नाही. सैन्यातल्या कुटुंबांचा तेवढा अपवाद. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असूनही आयटिनच्या जोडीदारामुळे ते वगळले गेले. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने एसएसएन असलेल्या जोडीदारापुरतं हे मागच्या तारखेपासून दुरुस्त केलं, तेही मागायचं २०२० च्या रिटर्नमध्ये. हे अन्यायाचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. कमावत्यांसाठीचं अर्न्ड इन्कम क्रेडिट आजही दोघांकडे एसएसएन असल्याशिवाय मिळत नाही. म्हणून प्रत्येक सवलतीखालची नंबराची अट वाचायचीच.

दुसऱ्या वर्षापासून दिवसांच्या हिशेबानेही तुम्ही रेसिडेंट झालात की एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, पाहा. भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली तरी तो भरावा लागतो, आणि आईबरोबरचं जॉइंट खातंही त्यात पूर्ण मोजलं जातं.

आयटिन सलग तीन वर्षं कुठल्याच रिटर्नवर वापरला नाही तर तो बाद होतो. आणि पुढे वर्क परमिट येऊन एसएसएन मिळाला तर आयटिन वापरणं थांबवा, आयआरएसला पत्र लिहून दोन्ही नंबर कळवा, म्हणजे आधीच्या वर्षांची नोंद नव्या नंबराला जोडली जाते. त्या पत्राची एक प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.