वॉटर ट्रेडमिल, सहावा आठवडा: पाणी उतरवलं तेव्हा कुठे सोन्या नीट चालायला लागला

ग्राउंडचा पार चिखल झालाय, उड्या बंद, म्हणून जूनच्या शेवटापासून आठवड्यातून दोनदा माझ्या घोड्याला, सोन्याला, ट्रेलरमध्ये घालून मुळशीच्या बाजूला एका तबेल्यात वॉटर ट्रेडमिलवर (पाणी भरता येतं अशा टाकीतला चालता पट्टा) नेतोय. नवीन लोकांसाठी, सोन्या 9 वर्षांचा, रेसमधून निवृत्त झालेला गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), एरवी 1 मीटर उंचीच्या उड्या मारतो आणि पाठ कायम ताठ.

पहिल्या दोन वेळा पाणी नाहीच, नुसता कोरडा पट्टा. बाजूची काच बघून साहेब थिजले, मग मोतद्दार मामा पुढे गाजरं घेऊन उभे. तिसऱ्या खेपेला खुरापर्यंत पाणी सोडलं तर सोन्याने पहिलं काम काय केलं असेल तर लीद टाकली. (फिल्टरवाल्याची माफी मागितली.)

तिसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हटलं जास्त पाणी म्हणजे जास्त व्यायाम, आणि गुडघ्याच्या बरंच वर नेलं. बाजूने व्हिडिओ काढला आणि घरी बघितला तर मान वर, पाठ खाली झोल खाल्लेली, मागचे पाय कसेतरी ओढतोय. मामा तर तिथेच म्हणाले होते, "दादा, याला चालवायचंय का म्हशीसारखं डुंबवायचंय?"

व्हेटशी बोलल्यावर डोक्यात शिरलं. पाणी कमी असलं की घोडा पाय पाण्याबाहेर काढायला बघतो, म्हणून फेटलॉक (खुराच्या वरचा सांधा), गुडघा, हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) सगळं जास्त वाकतं. गुडघ्याच्या वर पाणी गेलं की पाय बाहेर काढणं परवडत नाही, मग तो पाणी ढकलत पुढे जातो, आणि आधीच ताठ पाठ असेल तर अजून पोकळ होते.

आता पाणी फेटलॉक आणि गुडघ्याच्या मधोमध, वेग ताशी 4.5 किमी, 12 मिनिटं, बस. व्हिडिओवरून पुढच्या डाव्या पायाची पावलं मोजली, त्याच वेगाला कोरड्या पट्ट्यावर मिनिटाला 51 आणि पाण्यात 45, म्हणजे पाऊल लांब पडतंय. मान खाली, पाठ हलतेय, काल खरारा करताना पाठीवर हात दाबला तरी दचकला नाही!

दम वाढेल या आशेवर मात्र राहू नका. हार्ट रेट मॉनिटर लावला होता, 75 च्या आसपासच रेंगाळला, त्यामुळे उघडीप मिळाली की चढावर दुडकीची रपेट चालूच आहे.

एक कटकट, पाय. आधीच पावसाळा त्यात हे पाणी, परवा मागच्या उजव्या पायाला फेटलॉकच्या खाली मागच्या बाजूला खपली दिसली. आता प्रत्येक वेळी टॉवेलने पुसून कोरडं केल्याशिवाय ट्रेलरमध्ये चढवत नाही, आणि खपली जाईपर्यंत गुरुवारचं सेशन कॅन्सल.