आमची चाळ आणि चौदा पिसवा

'तुम्ही बीआयटी चाळीतल्या ना? हे बीआयटी म्हणजे काय हो?'

लग्नकार्यात, बँकेत पत्ता लिहून देताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसले असताना हा प्रश्न मी ऐकलाय. छोटं उत्तर असं की बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. खरं तर बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, पण बोलता बोलता 'सिटी' गळून पडलं. बहुतेक जण 'अच्छा' म्हणतात आणि ताटातल्या जिलेबीकडे वळतात. एखादाच विचारतो, 'इम्प्रूव्हमेंट कशाची?'

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमची चाळ प्लेगमुळे उभी राहिली. आणि माझ्या मते रोगाचं भलतंच कारण धरून उभी राहिली.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईतल्या मांडवीत, धान्याच्या वखारींच्या त्या दाटीत, मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एक रुग्ण तपासून हा गाठीचा प्लेग आहे असं सांगितलं. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. म्हणजे चोर कोण ते कळलं होतं, तो घरात शिरतो कुठून ते कळलं नव्हतं. सरकारच्या नजरेसमोर होती ती घाण, ओल, अंधार आणि माणसांची खच्चून गर्दी. रोग जागेला चिकटलाय, असं त्यांनी धरलं आणि जागेवरच तुटून पडले. गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक नावाचं जंतुनाशक सोडलं. भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं उतरवली, अंथरुणं जाळली. गटारं अशी धुऊन काढल्यावर त्यातले उंदीर कुठे गेले असतील, याचा विचार तेव्हा कोणी केलेला दिसत नाही.

मार्च 1897 मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली. घरोघर झडत्या, स्टेशनांवर तपासणी, कारंटीन. माणूस आजारी दिसला की उचलून इस्पितळात आणि घरच्यांची रवानगी छावणीत. मग लोक काय करणार? आजारी माणसाला लपवायचे, मेलेल्याच्या नावापुढे 'साधा ताप' लिहवून घ्यायचे. साथीचा माग काढणारी सगळी यंत्रणा माणसांच्या मागे होती आणि माणसं तिच्यापासून पळत होती. पुष्कळ जण खरोखरच पळाले, बोटीनं कोकणात आणि गाडीनं देशावर, आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. 1891 च्या शिरगणतीत मुंबईत 8,21,764 माणसं होती, 1901 मध्ये 7,76,006. वाढायचं सोडून आटलेली मुंबई, कल्पना करून बघा.

याच घबराटीत 1898 साली कायदा होऊन ट्रस्ट जन्माला आला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, उजेड-वाऱ्याच्या चाळी बांधायच्या, हे त्याचं काम. नागपाड्यापासून सुरुवात झाली. पाडायचं काम झपाट्यानं झालं, बांधायचं रमतगमत. ज्यांची घरं गेली ते बोचकी घेऊन शेजारच्या गल्लीत शिरले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. पुढे ट्रस्टच्या अनेक चाळी झाल्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून राहत होते, हे आपल्याला माहीत असतं. ती चाळ बांधली कुणी आणि का, हे मात्र आपण विचारत नाही.

आता पिसवांकडे येते. 1898 मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून सांगितलं होतं की प्लेग उंदराकडून पिसूमार्फत पसरतो. त्याचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग मुंबईत ग्लेन लिस्टन नावाच्या डॉक्टरनं एका चाळीवर नजर ठेवली. त्यानं 1905 मध्ये छापलेलं ते टिपण मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण ती चाळ मला डोळ्यांसमोर दिसत होती. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे उंदीर पटापट मरायला लागले. मग मरायचे एकदम थांबले. आता आपण सुटलो, असंच चाळकऱ्यांना वाटलं असणार. थोड्याच दिवसांत पिसवांनी लोकांचा जीव नकोसा केला. इतका, की माणसं खोल्या सोडून व्हरांड्यात पथारी टाकून झोपायला लागली. व्हरांड्यात झोपणाऱ्यांपैकीच एकाला प्लेग झाला. दुसऱ्या दिवशी माणसांच्या अंगावरून 30 पिसवा पकडून तपासल्या, तर त्यातल्या 14 उंदराच्या निघाल्या. उंदीर संपले होते. भुकेल्या पिसवांना अंथरुणातला माणूस जवळचा.

त्याच वर्षी प्लेगचा शोध घेणाऱ्या प्लेग कमिशनचं काम परळच्या प्रयोगशाळेत सुरू झालं, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. लिस्टनही त्यात होता. आता माग माणसांचा नव्हे, उंदरांचा निघू लागला. शहरात मिळालेला उंदीर कुठल्या भागात, कुठल्या घरात सापडला त्याची नोंद व्हायची आणि त्याला चिरून बघायचे. आधी गटारातला मोठा तपकिरी उंदीर मरतो, साधारण दहा दिवसांनी घराच्या छतातला काळा उंदीर, आणि त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसं. साथीचं वेळापत्रकच हाती आलं. परळला प्लेगच्या पिसवा असलेल्या छोट्या खोपट्यांमध्ये गिनीपिगचे पिंजरे ठेवून पाहिलं. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेले गिनीपिग प्लेगनं मेले, दोन फुटांवर टांगलेले वाचले. पिसूची उडी जेमतेम चार इंचांची! शीव, वडाळा, वरळी इथेही अभ्यास झाला. ती तेव्हा गावं होती, ऐकून हसू येतं.

माझी आजी रत्नागिरीकडची. हे सगळं मी मोठ्या उत्साहानं तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'त्यात काय शोधायचं? उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचं नि माळावर खोपटी घालायची. माझी आजी सांगायची.' खेड्यापाड्यांत हे ठाऊक होतं. पिसू नव्हती ठाऊक, पण उंदीर पडला की निघायचं, हे ठाऊक होतं. साहेबांनी झडत्यांऐवजी एखाद्या म्हातारीला विचारलं असतं तर, असं मला उगीचच वाटत राहतं.

म्हणून म्हटलं, भलतं कारण. ट्रस्टनं उजेड आणि वारा डोळ्यांसमोर ठेवला, उंदीर नाही. तरीपण खाली धान्याची वखार नाही, मातीच्या भिंती नाहीत, त्यामुळे उंदराची सोय आपोआप कमी झाली. शिवाय उजेड-वारा काही वाईट नाही. क्षय टाळायला तर हवाच. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांचा एक साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी त्याहून मोठा कोन करता कामा नये. सोप्या भाषेत, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी. आमच्या दोन चाळींमधली जागा मी एकदा पावलांनी मोजली होती. हिशेब जवळपास बसला. त्याच जागेत आम्ही लगोरी खेळलो, पापड वाळत घातले आणि माझ्या लग्नाचा मांडव पडला.

आता पुनर्विकास होणार आहे. मागच्या महिन्यात आर्किटेक्टनं नकाशे दाखवले, तेव्हा मी विचारलं, दोन टॉवरमध्ये अंतर किती? त्यानं सांगितलं. उंची किती? तीही सांगितली. मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. निम्मं कुठलं, दहावा हिस्साही होत नव्हता. मी ऑर यांच्याबद्दल बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. मोरीच्या जाळीवर रोज रात्री वीट ठेवून झोपणाऱ्या काकू. त्यांनी विचारलं, 'बाविसाव्या मजल्यावर उंदीर येतात का हो?'