सॉल्व्हरचं पहिलं उत्तर होतं: गप्प बसा

जाळ्यातले काही नोड, म्हणजे संगणक, बंद पडतात, काही चक्क खोटं बोलतात. तरी बाकीच्यांत मेळ टिकवणारा प्रोटोकॉल, म्हणजे कुणी कधी काय पाठवायचं याचे नियम, हाताने लिहिताना मी बरेचदा तोंडघशी पडले होते. म्हणून यावेळी ठरवलं, काय हवं ते मी सांगणार, कसं करायचं ते सॉल्व्हरने, म्हणजे दिलेल्या अटींत बसणारं उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामने, शोधायचं.

अख्खा प्रोटोकॉलच शोधायला लावायचा मोह झाला. पण प्रत्येक घटकाकडे माहिती वेगळी असेल, तर हे काम सरसकट करणारा अल्गोरिदम असूच शकत नाही, हे प्न्युएली आणि रोझनर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच सिद्ध केलंय. मग श्रीकांत आणि टुएग यांच्या १९८७ च्या ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकाचा मेसेज सगळ्यांपर्यंत पोचवण्याच्या पद्धतीचा, सांगाडा घेतला. मूळ मेसेज मिळाला की नोड सगळ्यांना ‘इको’ पाठवतो. ठरावीक इको आले तर मेसेज न मिळताही पाठवतो. त्याहून जास्त आले की स्वीकारतो. हे दोन आकडे मी कोरे ठेवले.

पहिली अट लिहिली: न पाठवलेला मेसेज कुणी स्वीकारू नये. काही सेकंदांत उत्तर आलं. आकडे इतके मोठे की कुणी कधीच काही स्वीकारणार नाही! अट तंतोतंत पाळली होती, बोलणार काय. मग आणखी दोन अटी घातल्या: सगळ्या प्रामाणिक नोडना मेसेज मिळाला तर सगळ्यांनी तो स्वीकारावा, आणि एका प्रामाणिक नोडने स्वीकारला तर बाकीच्यांनीही.

आता वाटेल ते आकडे पास व्हायला लागले. इथे दोन दिवस गेले. शेवटी सॉल्व्हरला म्हटलं, ‘० = १’ सिद्ध कर. त्याने केलं! माझ्या गृहीतकांत एक ओळ सांगत होती की प्रत्येक नोडचा इको सर्वांना मिळतोच, आणि जुन्या प्रयोगातली राहून गेलेली दुसरी, की दोषी नोड काहीच पाठवत नाही. दोन्ही एकदम खऱ्या असूच शकत नाहीत, आणि अशक्य जगात सगळंच सिद्ध होतं. ही चाचणी आता मी सगळ्यात आधी करते.

तीन नोड, एक दोषी: उत्तर नाही. टूलवरच संशय घेतला, मग कागद काढला. एकूण नोड एन, दोषी टी. पहिला आकडा किमान टी+१ हवा, नाहीतर खोटारडेच मिळून इको सुरू करतील. दुसरा फार तर एन−टी, कारण दोषी गप्प बसू शकतात. आणि दुसऱ्यातून टी वजा केल्यावर पहिल्याइतके तरी उरायला हवेत. म्हणजे एन किमान ३टी+१. टूल बरोबर होतं.

चार नोड, एक दोषी: २ आणि ३ मिळाले. मी खुशीत ‘निम्मे’ आणि ‘एक सोडून सगळे’ असं लिहून टाकलं. सात नोड, दोन दोषी घेतले आणि दोघं दोषी गप्प बसले: इको पाच, हवेत सहा. चारच्या उदाहरणात एन−१, एन−टी, २टी+१ सगळेच ३ येतात, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

मग आकड्यांऐवजी एन आणि टी यांची सूत्रंच शोधायला लावली, कागदावरच्या तिन्ही असमानता, एन किमान ३टी+१ असेल अशा प्रत्येक एन, टीसाठी सिद्ध करण्याच्या अटीवर. पहिल्या जागी टी+१ आलं. दुसऱ्या जागी दोन चालतात: एन−टी आणि २टी+१. दहा नोड, दोन दोषी असताना एकाला आठ इकोंची वाट पाहावी लागते, दुसऱ्याला पाचांची. मी पाचवालं ठेवलं.