तुम्ही विचारलंत म्हणून: अक्षराच्या जागी आकडाच तर घालायचा असतो ना?

पालकसभेत, मंगळवार बाजारात भाजी घेताना, कधी शाळेच्या फाटकापाशी उभ्या उभ्या, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो. "बाई, अक्षराच्या जागी आकडा घालायचा आणि उत्तर काढायचं, एवढंच तर असतं. आमच्या पोराला पाढे तोंडपाठ आहेत. मग तो नेमका तिथंच कसा चुकतो?" नव्याने गणित शिकवायला लागलेले सहकारीही हेच विचारतात, फक्त ते 'बैजिक राशीची किंमत काढणे' असं पाठाचं नाव घेऊन विचारतात. (बैजिक राशी म्हणजे २म + ३ सारखी अक्षरं आणि आकडे मिळून केलेली मांडणी. पुढे तिलाच मी नुसतं 'राशी' म्हणते.)

उभ्या उभ्या मी एकच वाक्य बोलते, "त्याला आकडेमोड येते हो, राशी वाचता येत नाही." समोरच्याचं समाधान होत नाही ते दिसतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात, काहीजण कन्नड. कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कुणाची आई विड्या वळते. हिशोब या मुलांना नवा नाही. दुकानात सुटे पैसे मोजताना ही मुलं मोठ्या माणसांनाही हार जात नाहीत. तरीही सातवीत अक्षरं आली की त्यातलीच चुणचुणीत मुलं गोंधळतात. (पुस्तकात ही अक्षरं इंग्रजी असतात. इथे मी मराठी अक्षरं लिहिते, गणित तेच राहतं.)

सर्वांत आधी भेटणारी चूक पाहा. म = ४ असताना ३म ची किंमत किती? दरवर्षी काही वह्यांत उत्तर असतं ३४. पालक म्हणतात, लक्ष नव्हतं. मला ते पटत नाही. त्या मुलाने अगदी लक्षपूर्वक, आजवर शिकवलेलंच केलेलं असतं. पहिलीपासून त्याला सांगितलंय की ३ च्या शेजारी ४ लिहिला की चौतीस होतात. पाचवीत सांगितलं की ३ च्या शेजारी १/२ लिहिला की साडेतीन, म्हणजे तीन अधिक अर्धा. आणि आता आपण म्हणतो की शेजारी लिहिलं की गुणाकार. शेजारी बसण्याचे तीन अर्थ झाले, आणि तिसरा अर्थ आपण एका वाक्यात उरकला. म्हणून मी गुणिलेचं चिन्ह लवकर काढत नाही. पुष्कळ दिवस ३ × म असंच लिहून घेते. चिन्ह गाळायची मुभा मुलांनी मागावी, तोवर थांबते. ती मागतातच, कारण त्यांना लिहायचा कंटाळा येतो.

दुसरं, अक्षर म्हणजे वस्तू नव्हे. '५अ म्हणजे पाच आंबे' असं शिकवायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, आणि ती मला मनापासून नको वाटते. बेरीज-वजाबाकीपर्यंत ती चालून जाते. पण अ = −२ आलं की त्या आंब्यांचं काय करायचं? आणि अब म्हणजे आंबा गुणिले बोर की काय? त्यापेक्षा मी विड्यांच्या मजुरीचा हिशोब घेते, कारण तो वर्गातल्या कित्येक घरांत रोज होतो. मजुरी हजारी दराने मिळते. दर द रुपये आणि वळून झाल्या ह हजार, तर मजुरी द × ह. इथे ह म्हणजे विड्या नव्हेत, हजार किती झाले ती संख्या. द म्हणजे रुपयाची नोट नव्हे, दराचा आकडा. एवढं एकदा मनात बसलं की दर वाढला, हजार कमी झाले, खराब म्हणून काही विड्या बाद झाल्या, सगळं मुलं स्वतःच मांडतात. बाद झालेल्यांसाठी वेगळं अक्षर हवं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आता वाचण्याबद्दल, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. २म + ३ आणि २(म + ३) या दोन राशी मी फळ्यावर लिहिते आणि म ची किंमत देतच नाही. आधी वाचा. मुलं वाचतात, "दोन म अधिक तीन" आणि "दोन कंसात म अधिक तीन". हे वाचन नव्हे, ही नुसती अक्षरओळख. मी म्हणते, कुणाला तरी काम सांगताय असं वाचा. मग येतं, "म ची दुप्पट कर, तिच्यात तीन मिळव." दुसऱ्या राशीला, "म मध्ये तीन मिळव, आलेल्याची दुप्पट कर." आता दोन्हींतला फरक मला समजवावा लागत नाही. आपली भाषा इथे मदतीला येते, कारण मराठीत सांगताना कामं करायच्या क्रमानेच तोंडातून बाहेर पडतात. तेलुगूतही क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे एखादी मुलगी शेजारणीला तेलुगूत समजावून सांगते तेव्हा क्रम बिघडत नाही. मी त्यांना कधीही थांबवत नाही. राशी ज्या भाषेत नीट वाचता येते त्या भाषेत वाचावी.

हे वाचन तोंडात बसेपर्यंत मी किंमत देत नाही. सहकारी म्हणतात, अशाने पोर्शन मागे पडतो. सुरुवातीला पडतोही. पण आठवीत (अ + ब)² सारख्या राशी उलगडायची विस्तारसूत्रं येतात तेव्हा तो वेळ व्याजासकट परत मिळतो.

किंमत द्यायची वेळ आली की आकडाही विचार करून निवडावा लागतो. सहकाऱ्यांना मी कळकळीने सांगते, पहिल्या उदाहरणांत म = २ देऊच नका. म = २ ठेवलं की २म चार, म चा वर्ग चार आणि म + २ सुद्धा चार. वर्गाचा अर्थ 'दोनने गुणणे' असा धरून बसलेल्या मुलाचं उत्तर बरोबर येतं, आपण बरोबरची खूण करतो आणि ती चूक पक्की होते. एकाचंही तसंच, एकाचा वर्ग एकच. तीन किंवा पाच घ्या. म = ५ ला वर्ग पंचवीस आणि दुप्पट दहा. चूक लपायला जागा राहत नाही.

खरी कसोटी ऋण किमतीत लागते. म = −३ असताना म² काढायचं. वहीत येतं −३² = −९. दुसरं उदाहरण, म = −२ असताना ५ − म. वहीत येतं ५ − २ = ३. दोन्हीकडे मुलाला नियम माहीत असतात. ऋण गुणिले ऋण धन, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण लिहिताना एकतर उणेचं चिन्ह संख्येपासून सुटून वेगळं पडलं, नाहीतर दोन उणे एकमेकांत मिसळून एकच उरलं.

याचं कारण आपल्या चिन्हात आहे. एकच आडवी रेघ दोन कामं करते. 'वजा कर' हेही तीच सांगते आणि 'ही संख्या ऋण आहे' हेही तीच. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. टिंब संख्येचंच असतं, तिच्याबरोबर जातं, ते मागे राहायचा प्रश्नच येत नाही. अज्ञात राशींसाठी त्यांनी यावत्तावत् आणि मग काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी रंगांची नावं घेतली आणि त्यांच्या संस्कृत नावांची आद्याक्षरं लिहिली: या, का, नी, पी, लो (लोहित म्हणजे तांबडा). हे मी मुलांना दाखवते तेव्हा वर्गात एकदम जाग येते. सुताच्या रंगांत वाढलेली मुलं ती. टिंब देऊन उदाहरणं सोडवायची त्यांना हौस येते, आणि मी सोडवू देते. टिंबवाल्या तीनचा वर्ग करताना टिंब विसरणारं मूल मी क्वचितच पाहिलंय.

आपल्याकडे टिंब नाही, पण कंस आहे. म्हणून माझ्या वर्गातला एकच न मोडणारा नियम असा: राशी जशीच्या तशी उतरवा, अक्षर काढा, त्याच्या जागी रिकामा कंस लिहा, मग कंसात किंमत ठेवा. ५ − म याचं आधी ५ − (  ) होतं, मग ५ − (−२), मग ५ + २, म्हणजे ७. म² चं आधी (  )², मग (−३)², मग ९. किंमत धन असली तरी कंस हवाच, ३म चं ३(४). असं केलं की चौतीसही आपोआप थांबतात. हुशार मुलांना ही ओळ वाया वाटते. मी त्यांच्याकडूनही लिहून घेते, त्यांची नाराजी पत्करून.

मोबाईलवर तपासून पाहणाऱ्या मुलांसाठी आणखी एक. एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन उणे तीनचा दुसरा घात कंसाशिवाय लिहिला तर उत्तर ९ येतं. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर तेच लिहिलं तर साधारणपणे −९. गणिताच्या संकेताप्रमाणे −९ बरोबर, कारण घात आधी आणि उणे नंतर. एक्सेल उणेला आधी संख्येला चिकटवतो. कंस दिला की दोन्ही यंत्रं ९ च सांगतात. हे मुलांनी स्वतः करून पाहिलं की कंसाबद्दल मला फारसं बोलावं लागत नाही.

'कंचेभागुबेव' (आधी कंस, मग चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) बद्दलही पालक विचारतात, कारण त्यांच्या वेळी तेच पाठ केलेलं असतं. मी ते फारसं वापरत नाही. त्यामुळे मुलांना वाटतं की भागाकार नेहमी गुणाकाराआधी आणि बेरीज नेहमी वजाबाकीआधी. मग ८ − ३ + २ याचं उत्तर ३ येतं. खरं उत्तर ७. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून येतील तशा घ्यायच्या. गुणाकार-भागाकाराचंही तसंच.

हे सगळं शिकून मूल करणार काय, असंही काहीजण विचारतात. त्यांना मी आमच्या उजनी धरणाचं उदाहरण देते. सोलापूरकराला उणे टक्के समजावून सांगावे लागत नाहीत. उन्हाळ्यात पेपरात रोज येतं, 'उजनी उणे वीस टक्क्यांवर'. ते आलं की नळाला पाणी किती दिवसांआड येणार याची घरोघरी चर्चा सुरू होते. पण उणे वीस टक्के म्हणजे धरणात किती पाणी, हे कितीजण सांगू शकतात? उजनीचा मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेलं तळाचं पाणी, ६३ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडा जास्त आहे, त्यावरचा उपयुक्त साठा सुमारे ५३. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे, म्हणून मृतसाठ्याला हात लागला की आकडा उणे होतो. वर्गात आम्ही सोयीसाठी ६४ आणि ५३ धरतो आणि एकूण पाण्याची राशी लिहितो: ६४ + ५३ × ट ÷ १००. ट म्हणजे पेपरातल्या टक्क्यांचा आकडा. ट = १०० ठेवलं की ११७, धरण भरलं. ट = ० ठेवलं की ६४. इथे मुलं चमकतात, कारण शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं अशी बहुतेकांची समजूत असते. मग ट = −२०. रिकामा कंस, कंसात −२०, ५३ × (−२०) झाले −१०६०, शंभराने भागून −१०.६, ६४ मध्ये मिळवून ५३.४ टीएमसी.

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, ट उणे किती जाऊ शकतो?" मी सांगितलं नाही. मुलांनी एकेक किंमत ठेवत नेली. −१०० ला ११ टीएमसी उरलं. −१२० ला ०.४. −१२१ ला उत्तरच उणे आलं, आणि पोरं ओरडली, "असं पाणी नसतंय बाई!" आकडेमोडीत काही चूक नव्हती. राशीत कुठलाही आकडा ठेवता येतो, धरणात मात्र नाही, हे त्यांचं त्यांना सापडलं. पुढच्या तासाला समीकरणं सुरू करायची होती. 'पाणी बरोबर शून्य होईल असा ट कोणता?' एवढं मी फळ्यावर लिहिलं आणि समीकरण सुरू झालं.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वही तपासायला बसाल तेव्हा उत्तर शेवटी पाहा. आधी त्याला राशी वाचायला सांगा, कुणाला काम सांगितल्यासारखी, घरी जी भाषा बोलता त्या भाषेत. मग किमतीभोवती कंस आहे का बघा. नसेल तर रागावू नका, तेवढाच घालायला लावा आणि पुढचं त्याला करू द्या. तरीही अडलं तर त्याला वहीसकट माझ्याकडे पाठवा. मधल्या सुट्टीत मी वर्गातच असते.