बोअरच्या पाण्यात निळे पडलेले सोने

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने यावल तालुक्यातल्या आपल्या गावाहून बोअरचे पाणी आणले होते. हे पाणी इतके जड, म्हणजे कॅल्शियमसारख्या क्षारांनी भरलेले, की केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्यांची तोंडे पांढऱ्या क्षाराने बुजतात आणि त्या आम्ल सोडून मोकळ्या कराव्या लागतात. सोन्याचांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, अशा पाण्यात कितपत तग धरतात, हे तिला पाहायचे होते.

तिच्यापुढे तीन द्रावणे होती: सायट्रेटने (लिंबातल्या आम्लाच्या ऋणभारित आयनाने) वेढलेल्या चांदीचे पिवळे, सायट्रेटनेच वेढलेल्या सोन्याचे लाल, आणि ज्याचे एक टोक गंधकामार्फत सोन्याला घट्ट धरते व दुसऱ्या टोकाचा, ऋण प्रभार घेणारा कार्बॉक्सिल गट पाण्याकडे राहतो अशा थायोलने (गंधकयुक्त सेंद्रिय रेणूने) वेढलेल्या सोन्याचेही लालच. धातूतले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात, म्हणून लहान चांदी ४०० नॅनोमीटरच्या आसपास आणि सोने ५२० च्या आसपास प्रकाश जोरदार शोषून घेते. कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांचे डोलणे एकमेकांत गुंतते, शोषणाचे शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते आणि लाल द्रावण जांभळे-निळे दिसू लागते. मीठ घातल्यावर माणिकरंगी सोने निळे पडते, हे फॅरडेने १८५७ सालीच नोंदवून ठेवले आहे.

बोअरचे पाणी पडताच सायट्रेटचे सोने जांभळे झाले आणि चांदीचा पिवळा रंग हळूहळू विटत गेला. याची अपेक्षा होती, कारण सायट्रेटची पकड सैल असते आणि ते कणांना केवळ ऋण प्रभाराच्या बळावर दूर ठेवते. शिवाय चांदीला पाण्यातला क्लोराइडही बाधतो. खरा धक्का थायोलच्या सोन्याने दिला. बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असलेल्या साध्या मिठाच्या पाण्यात ते आदल्या दिवशी लाल राहिले होते. येथे मात्र काही मिनिटांतच ते निळसर झाले आणि वर्णपटावर ६०० च्या पुढे रुंद फुगवटा उभा राहिला. ‘सर, गंधकाचा बंध तुटला असेल का?’ असे तिने विचारले. प्रश्न योग्यच होता, परंतु माझे मन ते मानत नव्हते.

तिच्याच मेजावर त्या पाण्याचा जडपणा मोजण्यासाठी ईडीटीएची (कॅल्शियमसारखे धातूंचे आयन घट्ट पकडणाऱ्या रसायनाची) बाटली होती. कॅल्शियमचा प्रत्येक आयन शेजारच्या दोन कणांवरील कार्बॉक्सिल गटांना पुलासारखा जोडत असेल, तर ईडीटीए तो आयन काढून घेईल आणि कण सुटे होतील, असे मी तिला सांगितले. तिने बफरसह (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणासह) ईडीटीए थेंबाथेंबाने सोडले आणि नळी हलवली. निळेपणात आधी कडेने जांभळी झाक आली, मग सारे द्रावण लाल झाले. अमळनेरकडचे आमचे प्रयोगशाळा-साहाय्यक आनंदाने म्हणाले, ‘सर, रंग परत उना!’ शिखरही ५२५ च्या जवळ परतले होते. सायट्रेटच्या सोन्यात तेवढेच ईडीटीए घालूनही जांभळा रंग हलला नाही आणि चांदीचा पिवळा रंगही परत आला नाही.

त्या लाल रंगाने तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. थायोल सुटला असता तर उघडी पडलेली सोन्याची पृष्ठे एकमेकांना भिडून चिकटली असती आणि ईडीटीएला ती वेगळी करता आली नसती. याचा अर्थ, लिगंड, म्हणजे कणाला वेढणारा रेणू, धातूला किती घट्ट धरतो आणि त्याचे बाहेरचे टोक पाण्यातल्या आयनांशी कसे वागते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. ‘स्थिर’ या एकाच शब्दात ते कोंबणे मला आता पटत नाही. संशोधन-अहवालांतही हे कण कोणत्या पाण्यात स्थिर राहिले ते स्पष्ट लिहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पुढे तिने बाहेरच्या टोकाला प्रभार नसलेला पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थायोल वापरला, तेव्हा त्याच बोअरच्या पाण्यात सोने लाल राहिले. मात्र रंगच बदलत नसल्याने पाण्याचा जडपणा रंगावरून ओळखण्याच्या कामी ते निरुपयोगी ठरले, म्हणून त्या कामासाठी तिने कार्बॉक्सिलचेच कण कायम ठेवले.