कोल्हापुरात उणे चाळीस: सेन्सर नव्हे, वायर तुटली होती

जुलैत आमच्या गाडीचा रेडिएटरचा पंखा चावी फिरवली की लगेच फिरायला लागायचा, इंजिन गार असलं तरी. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. गॅरेजमध्ये कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, टेम्परेचर सेन्सर बदलून दिला. तिसऱ्या दिवशी रंकाळ्याच्या रस्त्याला गाडी खड्ड्यात आदळली आणि दिवा परत पेटला. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण बिघाड कुठं आहे हे कुणी बघितलंच नव्हतं, ते जास्त लागलं.

रविवारी घरीच बघायचं ठरवलं. गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा, मोबाईलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर होता. कोड आला पी ०११८, म्हणजे या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त, आणि कूलंटचं तापमान उणे ४०! या सेन्सरचं काम सोपं असतं. इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्ट देतो, तापमान वाढेल तसा सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो आणि व्होल्टेज उतरतं. वायर तुटली तर व्होल्टेज पाचच्या पाच राहतं. इसीयूच्या हिशोबात त्याचा अर्थ उणे ४०. सर्किट तुटलंय हेही त्याला कळतं, म्हणून इंजिन तापू नये यासाठी तो पंखा चालूच ठेवतो.

सेन्सरचा प्लग काढला, चावी ऑन केली आणि प्लगच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या. वायरिंग धड असेल तर आकडा एकदम शंभराच्या वर जायला हवा. तो उणे ४० वरच राहिला. म्हणजे सेन्सरचा दोषच नव्हता, जुन्याचाही नसावा. मग मल्टिमीटर लावला. एका पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ५ व्होल्ट आले, म्हणजे सिग्नलची वायर चांगली. राहिली ती दुसरी, अर्थिंगची (निगेटिव्हकडं जाणारी) वायर.

ती वरून कुठंच तुटलेली दिसेना. आप्पा शेजारी टॉर्च धरून उभे होते. त्यांनी उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात आयुष्य काढलंय. म्हणाले, "वायर वड बघू हळू. आतनं तुटलेली असली की रबरावानी ताणती."

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलं (पंखा कधीही सुरू होऊ शकतो, हात आत घालण्याआधी हे करायचंच), वायरींवरची काळी नळी बाजूला केली आणि चिमटीत धरून वायर बोटा-बोटानं ओढत गेलो. प्लगपासून चारेक बोटांवर ती खरंच लांबली. तिथं ब्रॅकेटला घासून वरच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर पडली होती. कापल्यावर आत तांबं दिसलंच नाही. न कल्हई केलेल्या भांड्याला चढतो तसला हिरवा कळंक, आणि बोटानं चोळला की भुकटी. चिरेतून पाणी आत शिरून तार कुजत गेली होती. थोड्या तारा टेकून होत्या, म्हणून सेन्सर बदलताना हललेली वायर दोन दिवस चालली असणार.

लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागं कापत गेलो, तेवढा नवा तुकडा मध्ये घातला. हीट श्रिंकची (गरम केली की आवळणारी) नळी आधी ओवून ठेवायची. पहिल्या जोडाला विसरलो, परत उसवावा लागला. सोल्डरिंगचा डाग आप्पांनी दिला. हात आता थरथरतो, पण सोल्डरिंग आयर्न टेकताना अजिबात हलला नाही. वर कापडी टेप आणि वायर ब्रॅकेटपासून दूर बांधली. डाग दिलेला जोड कडक असतो, दणक्यांनी त्याच्या शेजारी वायर तुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टाय मारले.

कोड पुसला. स्कॅनरवर २६ अंश आले, बाहेरच्या हवेइतके. मग तसेच जोतिबाला निघालो. घाटभर आप्पा मोबाईल हातात धरून आकडे वाचत होते. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून थांबलो. "पंच्याण्णव... शहाण्णव... लागला पंखा," आणि थोड्या वेळानं, "एक्क्याण्णव. बंद झाला बघ."